दादाभाऊवरचा पैरा

सन दोन हजार चोवीस, चैत्र पौर्णिमा, वार मंगळवार. ऊन असं होतं की कांद्याच्या ढिगावर टाकलेली पात दुपारपर्यंत चुरचुरीत व्हायची. पेठच्या घाटाच्या अलीकडं आमची वाडी, आणि वाडीच्या खंडोबाची जत्रा. त्या दिवशी जे झालं ते मी सांगणार आहे. माणसांनी ते आपापल्या सोयीनं सांगितलं. मी तिथं होतो, आणि मला कुणाची सोय बघायची नाही.

मी कोसा बैल बोलतोय. अंगाचा रंग कोसा, राखाडी छटेचा, म्हणून नावही कोसा. आता बारा वर्षांचा झालोय. दात झिजलेत, मागचा डावा पाय थंडीत धरतो. मला कुणाची दया नको. मधे न बोलता ऐका, एवढं पुरे.

मी राजुरीत जन्मलो. सव्वा वर्षाचा झालो आणि मला चाकणच्या बाजारात उभा केला. तिथं एका दलालानं माझी चाल बघायला म्हणून शेपटी अशी पिरगाळली की अजून तिथं गाठ आहे. तेव्हापासून परका हात वेसणीला लागला की मी शिंग घालतो. त्याच बाजारात दादाभाऊ आला. त्यानं शेपटीला हात लावला नाही. समोर येऊन उकिडवा बसला, माझ्या खुरांकडं बघत राहिला, आणि दलालाला म्हणाला, "पळणार हा." दलाल म्हणाला, "पळून कुठं जाणार, पावणं? घाट तर बंद हायेत." खरं होतं ते. शर्यतींवर कोर्टाची बंदी होती. लोक शर्यतीचा बैल सांभाळायचे आणि विचारलं तर म्हणायचे, नांगराचा आहे. मी पाच वर्षं खरोखर नांगराला चाललो.

दादाभाऊ चांगला माणूस होता का? नव्हता. दारू प्यायचा. पिऊन रत्नाला, म्हणजे बायकोला, मारायचा आणि मग माझ्या गळ्यात पडून रडायचा. त्या वासानं मला शिंका यायच्या. पण माझी पेंड कधी चुकली नाही आणि माझ्यावर कधी हात उचलला नाही. मी दोनच हात अंगाला लावून घेतो, एक त्याचा आणि एक रत्नाचा.

बंदी उठली आणि घाट सुरू झाले. घाट म्हणजे चढाची धाव. एका गाड्याला चार बैल. निशाण पडतं, बारा-तेरा सेकंदांत खेळ संपतो. त्या एका धावेला बारी म्हणतात. आता चार चांगले बैल एकाच्या दावणीला कुठून असणार? म्हणून पैरा. आज तुझा बैल माझ्या गाड्याला, पुढच्या वेळी माझा तुझ्या. कागद नाही, पैसा नाही. फक्त शब्द. पैरा बुडवणाऱ्याला आमच्या भागात कुणी दारात उभं करत नाही.

दोन हजार तेवीसच्या जत्रेत दादाभाऊच्या गाड्याला एक बैल कमी पडला. रामनाथ तात्यानं आपला तांबडा दिला. रामनाथ म्हणजे वरच्या आळीचा, साठीचा, ताठ मानेचा, कमी बोलणारा गडी. ती बारी आम्ही मारली. तांबडा माझ्या शेजारी पळाला. असा जोडीदार मला पुन्हा मिळाला नाही. त्या दिवशी रामनाथनं त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे दादाभाऊच्या हातून माझ्या गळ्यात काळ्या लोकरीचा दोरा बांधवला, त्यात एक कवडी. ज्या बैलाचा पैरा येणं आहे, त्याला ही त्याची खूण. माझ्या डोक्यावर थाप मारायला हात उचलला होता, माझं शिंग बघून मागं घेतला.

त्याच पावसाळ्यात तांबडा लंपीच्या रोगानं मेला. आणि त्याच पावसाळ्यात दादाभाऊनं दारू सोडली.

ती सुटली कशी ते मी सांगतो. मंचरला एका दुकानाच्या मागं हॉल आहे. तिथं रविवारी येशूची प्रार्थना चालते. रत्ना आधी जायला लागली, मग त्याला ओढून नेला. महिना गेला, दोन गेले. त्याच्या अंगाचा वास बदलला. रत्नाच्या अंगावरचे वळ गेले. मी शिंकायचा थांबलो. मग भाद्रपदात एक दिवस तो ओल्या कपड्यांनी घरी आला. घोडनदीत त्याला बुडवून काढला होता. आता तो विश्वासी झाला होता.

वाडीला कळायला एक दिवस लागला. आमच्या गोठ्याशेजारून रस्ता जातो, मला सगळं ऐकू येतं.

"घोडनदीत तर आमच्या म्हशी रोज डुंबत्यात. त्या बी झाल्या का रं ख्रिस्ती?"

"त्या न्हाई व्हायच्या. त्यांला अक्कल हाय."

दादाभाऊ खाली मान घालून घमेल्यात शेण भरत राहिला. पूर्वीचा दादाभाऊ असता तर दगड भिरकावला असता. मला तो दगडच बरा वाटला असता.

नदीतून आला त्याच दिवशी त्यानं चूक केली. हॉलमध्ये सांगितलं होतं, घरातले गंडेदोरे काढून टाका. यानं विळा घेतला आणि सुटला. मनगटातला दोरा कापला, दारावरचं लिंबू-मिरची तोडलं, आणि माझ्या गळ्याशी येऊन काळी लोकर एका झटक्यात कापली. सगळं चुलीत गेलं, कवडीसकट. नवीन नवीन भक्ती होती, हात थांबला नाही. तो दोरा गंड्यात बसत नव्हता, ती देण्याची खूण होती. मी मान झटकली, पण बैलाचं मान झटकणं कोण वाचतो?

आमच्याकडं पोळा भाद्रपदाच्या अमावास्येला, त्या दिवशी रामनाथ आला. वाडीतले सगळे बैल रंगवून, झुली घालून मिरवले होते. मला दादाभाऊनं धुतलं, पोटभर गूळ-चपाती चारली, पण शिंगं रंगवली नाहीत, ओवाळलं नाही. म्हणाला, "कोश्या, तुझ्यावर माया हाय. पूजा न्हाई." मला राग आला. वर्षातून एक दिवस माणूस बैलाच्या पाया पडतो. तोही गेला.

रामनाथ गोठ्याच्या दारात उभा राहिला. माझ्या गळ्याकडं बघितलं.

"कवडी कुठंय?"

दादाभाऊचा चेहरा उतरला. "तात्या... चुकून गेली. चुलीत."

"चुकून कवडी चुलीत जाते व्हय? माझा तांबडा मेला म्हणून तुला वाटलं, पैरा बी मेला?"

"तसं न्हाई. पैरा हाय. मी देणार."

"तू आता कुणाची आण घेऊन सांगणार? तुला खंडोबा चालत न्हाई. तुझ्या देवाची आण मला चालत न्हाई."

"आण घेत न्हाई मी. नुसतं सांगतो. देणार."

रामनाथ थुंकला, बाजूला, पण थुंकला. "बघू चैतात," म्हणाला आणि गेला.

कांदा लावणीला सावडीला कुणी आलं नाही. पूर्वी आमच्या वीस गुंठ्यांत पंधरा बाया असायच्या. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. या वेळी बांधावर नुसती रत्ना आणि तो. तिसऱ्या दिवशी मंचरहून प्रार्थनेची चार माणसं आली. एक शिंपी, दोन शाळामास्तर आणि एक मोबाइलवाला. शिंप्यानं रोपं अशी टाचून ओळीत लावली की जणू शर्टाची बटणं. मोबाइलवाल्यानं निम्मी उलटी लावली. रस्त्यावरून कुंडलिक आबा चालला होता, जत्रा कमिटीचा अध्यक्ष. थांबून म्हणाला, "दादाभाऊ, तुझ्या देवानं माणसं धाडली ती बरी. पण कांदा कुठल्या अंगानं उगवतो ते सांगायला इसरला राव!" रस्त्यावरच्या बाया हसल्या. रत्नाही हसली, तोंडाला पदर लावून. दादाभाऊ हसला नाही. त्यानं उलटी रोपं एकेक करून सरळ केली.

गुढीपाडवा झाला आणि कमिटी वर्गणीला आली. अंगणात खाट टाकली, कुणी बसलं नाही. रत्नानं पाणी आणलं, कुणी घेतलं नाही. तांब्या तिच्या हातात तसाच राहिला.

"वर्गणी देणार न्हाई," दादाभाऊ म्हणाला. "गावच्या पाण्याला मागा, रस्त्याला मागा, देतो. देवाच्या पूजेला न्हाई."

"मग बैल बी ठेव घरी," कुंडलिक म्हणाला.

"बैल पैऱ्याचा हाय. तात्याला देणार."

"घाट देवाचा हाय. तिथं उभा राहायचं तर मालकानं आधी देवळात जाऊन भंडारा लावायचा. आजवर सगळ्यांनी लावला. तू बी लावलायस, घाट बंद व्हता तवा बी जत्रंला, दहा वर्सं."

"दहा वर्सं मी दारू बी प्यालो, आबा."

"दारू पीत व्हतास तवा आमचा व्हतास!" कुंडलिकचा आवाज फाटला. "बापजाद्यांचा देव टाकला, आणि वर आमालाच गुन्हा सांगतो. भंडारा लाव न्हाईतर घाटात पाय टाकू नको. टाकलास तर पाय घेऊन जायचा न्हाईस."

ते गेले. मग घरात जुंपली. रत्ना दारात तांदूळ निवडत होती.

"अवो, देऊच नका बैल. हॉलवरचे पास्टर काय म्हणले? मूर्तीच्या नावानं चाललेल्या कामात हात घालायचा न्हाई. आणि जनावराला हजार माणसांच्या आरडाओरड्यात पळवायचं, हे तरी देवाला आवडंल का?"

"त्याला पळायला आवडतं."

"त्यानं सांगितलं व्हय तुमाला?"

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. चढावर जेव्हा खाली माती सरकते आणि वर आभाळ येतं, तेव्हा मी कुणाचाच नसतो. पण माझ्यावरून पाप-पुण्याचा तंटा चालला होता आणि मी दोन हात अंतरावर रवंथ करत उभा होतो.

"रत्ना," दादाभाऊ म्हणाला, "पैरा मूर्तीनं दिला न्हवता. तात्यानं दिला व्हता. तांबडा माझ्यासाठी पळाला. आज मी दिला न्हाई तर वाडी काय म्हणंल? देव बदलला तसा शब्द बी बदलला. मग माझं पाणी सुद्धा कुणी का प्यावं?"

"आत्ता तरी कोण पितंय?"

ती बोलली ते खरं होतं.

रामनाथलाही त्या वर्षी गाडा पळवणं भाग होतं. त्याची नात हर्षाली थंडीत डेंग्यूनं आजारी पडली होती, दहा दिवस दवाखान्यात. त्यानं नवस बोलला होता, पोर घरी आली तर चार बैलांचा गाडा पळवीन. पोर घरी आली. बैल तीनच होते. बाकीच्या दावणीतले सगळे बैल आधीच शब्दात अडकलेले. चौथा मी.

जत्रेच्या दिवशी दुपारी रामनाथचा मुलगा भरत टेम्पो घेऊन आला. दादाभाऊनं मला टेम्पोत चढवलं, कासरा बांधला आणि खाली उतरला.

"तुमी चढा ना," भरत म्हणाला. "तुमच्याशिवाय हा कुणाला जुमानतो?"

"मला घाटात बंदी हाय. तुझ्या देवाच्या आड मी येत न्हाई. समोरून धरू नको, शेपटीला हात लावू नको, चालंल."

चालणार नव्हतं. त्यालाही ठाऊक होतं. भीती माणसाला अशी अर्धवट बोलायला लावते.

घाटात धूळ, भोंगा, पोलीस, उसाच्या रसाची गाडी, माणसांचा डोंगर. रामनाथचे तीन बैल गाड्याला लागले होते. भरतनं मला जूखाली न्यायला वेसणीला हात घातला. मी एक झटका दिला, तो शेणात. दुसरे दोघं आले. एकाचा सदरा बगलेपासून फाडला. तिसरा लांबूनच म्हणाला, "मला बायको-पोरं हायेत."

माणसं ओरडायला लागली. "बाटलेला बैल हाय, देवाच्या गाड्याला कसा लागंल!" "त्याला बायबल वाचून दाखवा, मग येतोय का बघा!" भोंग्यावरचा माणूस म्हणाला, "रामनाथ तात्या, बारी लावा न्हाईतर सोडा. सहाच्या आत घाट बंद करायचाय."

रामनाथ माझ्यासमोर उभा राहिला. घामानं टोपी भिजली होती. त्यानं फोन लावला आणि गर्दीत ऐकू येईना म्हणून आवाज मोठा केला. दादाभाऊचा आवाज मी ओळखला. कान टवकारले.

"बैल धरायला ये," रामनाथ म्हणाला.

"तात्या, मी भंडारा लावणार न्हाई."

"मी मागितला का?"

"कमिटी..."

"कमिटीचं मी बघतो. तू पैरा म्हणला व्हतास. नुसता बैल धाडला म्हणजे पैरा व्हतो का? जुंपता येत न्हाई तो बैल मला काय लोणच्याला घालायचाय?"

पलीकडं दाराची कडी वाजली. मग, "येतो."

तो आला. पायी, शेतातून, मागं दहा पावलांवर रत्ना. गर्दीनं वाट दिली, पण तशी, जशी ओकारीला देतात. कुणी शीळ घातली. कुणीतरी मागून खांद्यानं ढकललं. तो थांबला नाही. रत्ना उसाच्या गाडीपाशी उभी राहिली.

जूपाशी कुंडलिक भंडाऱ्याचं ताट घेऊन आडवा आला.

"एक बोट," तो म्हणाला. "एक बोट कपाळाला लाव, आणि धर बैल. जास्त मागत न्हाई."

"न्हाई, आबा."

"तुझ्या आईनं हाच भंडारा लावून तुला पाळण्यात घातला."

"ठाऊक हाय. पण न्हाई."

"मग नीघ."

"कुंडलिक," रामनाथ मधे पडला. "नवस माझा हाय. देवाला द्यायचं मी. हा नुसता बैल धरणार."

"बाटलेल्या हाताचा गाडा देव घेत न्हाई."

"गेल्या साली याच घाटात याला दोघांनी धरून उभा केला व्हता, इतका प्यालेला. तवा देवानं गाडा घेतला. तू बक्षीस दिलंस. आज शुद्धीत आलाय तर देव घेत न्हाई?"

पुढच्या रांगेतले चारजण हसले. कुंडलिकचं तोंड काळं झालं. रामनाथ लगेच दादाभाऊकडं वळला. "तू हुरळू नको. मी तुझ्या बाजूचा न्हाई. तुझं तोंड मला बघवत न्हाई. धर बैल."

दादाभाऊनं माझ्या कपाळावर हात ठेवला. त्याचा हात थंड होता, एवढ्या उन्हात. मी जूखाली गेलो. शेजारी तांबडा नव्हता, कुणी पांढरा होता, पोरसवदा, कापत होता. दादाभाऊ समोर आला, दोन्ही हातांनी वेसण धरली, पाय रोवले. या वेळी एक हात सुटला तर मी सुटलो, मी सुटलो तर चारही बैल निशाणाआधी सुटले, आणि बारी बाद. हे घाटातल्या प्रत्येकाला कळतं.

कुंडलिकलाही कळत होतं. त्यानं ताटातली मूठ भरली. माझ्या पाठीवर टाकली, ते रीतीचं होतं. मग दुसरी भरली आणि सरळ दादाभाऊच्या तोंडावर मारली.

पिवळा ढग झाला. त्याच्या कपाळावर, भुवयांत, मिटलेल्या ओठांवर भंडारा बसला. गर्दी फुटली. "लागला! लागला! येळकोट येळकोट!" एकजण मोबाइल वर धरून ओरडला, "धाडा मंचरला फोटू!" डोळ्यांत गेला असावा, पाणी वाहायला लागलं, त्या पिवळ्यात दोन ओल्या रेघा पडल्या. हातापासून तोंड हातभरच लांब होतं. पुसायला एक पळ लागला असता.

त्यानं वेसण सोडली नाही.

त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं. तो काहीतरी पुटपुटत होता. त्याच्या देवाला की मला, ते मी सांगणार नाही. दूर उसाच्या गाडीपाशी रत्नानं दोन्ही हात छातीशी धरले होते.

पुन्हा मूठ भरायला कुंडलिकचा हात ताटात गेला. रामनाथनं त्याचं मनगट पकडलं.

निशाण पडलं.

दादाभाऊ बाजूला झेपावला आणि मी सुटलो. खाली माती सरकली, वर आभाळ आलं. पांढरं पोरगं मागं राहायला लागलं तेव्हा मी त्याला खांद्यानं ओढलं. भोंगा "भिर्रर्र" ओरडत होता. तांबडा माझ्यासाठी पळाला तसा मी पळालो. बारा सेकंद आणि काही अंश. वर पोचलो तेव्हा माझ्या नाकातून रक्ताचा थेंब पडला.

दादाभाऊ घाट चढून वर आला, सावकाश. तोंड अजून पिवळंच होतं. दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. शिव्या देणारेही होते, पण आता हळू. रामनाथ माझा कासरा लांबून धरून उभा होता. त्यानं दादाभाऊच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि कासरा त्याच्या हातात दिला.

पैरा फिटला.